ठकीची पाठ

महिनाभर इथे काहीच लिहिलं नाही. दोघीतिघींनी विचारलं, बरी आहेस ना? मी बरी आहे. मांजर बरं नाही.

हसलात ना? हसा. पाच वर्षांपूर्वी मीही हसले असते. मांजरासाठी रजा टाकणाऱ्या ऑफिसातल्या एका बाईंची मी तेव्हा मनसोक्त टिंगल केली होती, ते आता फिटतंय.

तर आमची ठकी. वय वर्षं चौदा, मूळ गाव चिपळूण, सध्या मुक्काम ठाणे, तिसरा मजला. नातेवाइकांपैकी जे चिपळूणच्या घरी राहून गेलेत त्यांना ती माहीत आहे. (मामी, तुमच्या इरकलीचा तिने ओढलेला दोरा माझ्या पक्का लक्षात आहे, परत माफी मागते.) बाकीच्यांसाठी थोडं मागचं सांगते.

२०११ च्या पावसात आईला पडक्या गोठ्यातल्या सरपणात हे पिल्लू सापडलं. डोळे नुकते उघडलेले, अंगावर पिसवा, आणि आवाज मात्र सगळ्या आळीला ऐकू जाईल असा. आईने कापसाच्या बोळ्याने दूध पाजून जगवलं. अण्णांचा कडक विरोध. घरात जनावर नको, म्हणजे नको. आईने नेहमीप्रमाणे ऐकून घेतलं आणि नेहमीप्रमाणे आपल्याला हवं तेच केलं. ठकी आईची झाली. आई मासे साफ करायला मागच्या दारी बसली की ही शेजारी, पाठ आईकडे आणि तोंड अंगणाकडे करून. जणू पहाऱ्यावर. मला तेव्हा वाटायचं, काय शिष्ट जनावर आहे! जी खायला घालते तिच्याकडेच पाठ!

आई २०१७ मध्ये गेली. घरात उरले अण्णा आणि ठकी. ठाण्याला या म्हटलं की अण्णा म्हणायचे, "बघू." रोज रात्री फोन केला की मी विचारायची, कसे आहात? त्यावर ठरलेलं उत्तर, "ठीक. मांजर जेवलं." चार वर्षं मला अण्णांची खुशाली याच दोन शब्दांत कळत होती. मांजर जेवलं म्हणजे अण्णांनी स्वयंपाक केला, म्हणजे अण्णाही जेवले.

मग २२ जुलै २०२१. चिपळूणचा पूर तुम्ही सगळ्यांनी टीव्हीवर पाहिला असेल. पहाटे वाशिष्ठीचं पाणी आळीत शिरलं, ते चढतच गेलं. शेजारच्या मुलांनी अण्णांना त्यांच्या गच्चीवर नेलं. ठकी हाताला लागली नाही. पाणी ओसरल्यावर अण्णा चिखलातून घरात गेले. खालचं सगळं गेलेलं. माळ्यावर पत्र्याच्या ट्रंकेवर आईच्या जुन्या साड्यांची गोधडी होती, तिच्यावर ठकी बसलेली. दोन दिवस. अण्णांनी हाक मारल्यावर शिडीवरून खाली उतरली, शेपटी सरळ वर उभी करून. हे अण्णांनी मला सांगितलेलं नाही. ते एवढंच म्हणाले, "होती वर." बाकी शेजारच्या मुलाने सांगितलं. अण्णा त्या चिखलात तिला घेऊन उभेच्या उभे राहिले होते म्हणे, बराच वेळ.

असो.

ऑगस्टमध्ये नवरा जाऊन दोघांना घेऊन आला. अण्णा पुढच्या सीटवर, मागे फळांच्या क्रेटला दोरीने झाकण बांधून त्यात ठकी, आणि खाली ती गोधडी. घरी आल्यावर क्रेट उघडलं तशी ठकी जी दिवाणाखाली गेली ती अकरा दिवस बाहेर आली नाही. खाणं, पाणी, मातीचं तसराळं, सगळं तिथेच सरकवायचं. रात्री आम्ही झोपलो की वाटी रिकामी व्हायची, एवढाच काय तो पुरावा.

आपल्याकडे म्हणतात ना, कुत्रं माणसाचं, मांजर घराचं. मांजराला माणसाशी देणंघेणं नसतं, भिंतींशी असतं. मला ते पटलंच होतं. पण तेव्हा मी मांजरांबद्दल वाचायला लागले (सवय!), आणि कळलं की गोष्ट इतकी सोपी नाही. अमेरिकेत ओरेगन राज्य विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. तान्ह्या मुलांची आईशी ओढ कशी आहे हे तपासायची जी पद्धत आहे, तिच्यासारखीच मांजरांवर वापरली. अनोळखी खोलीत मांजर आणि त्याचं माणूस, मग माणूस दोन मिनिटं बाहेर, मग परत आत. माणूस परत आल्यावर जे मांजर जरा भेटून, निवांत होऊन पुन्हा खोली धुंडाळायला लागतं, ते त्या माणसाच्या भरवशावर आहे असं धरायचं. साधारण ६४ टक्के पिल्लं अशी निघाली, आणि मोठ्या मांजरांचा आकडाही तेवढाच. माणसांच्या बाळांचाही जवळपास हाच. म्हणजे मांजराला माणूस लागतं. फक्त ते लागतं हे सांगायला ते तुमच्या अंगावर उड्या मारत नाही.

अण्णांनी यातलं काही वाचलं नव्हतं. ते रोज सकाळी दिवाणाशेजारी जमिनीवर बसायचे, भिंतीला टेकून, आणि पेपर वाचायचे. दिवाणाखाली बघायचे नाहीत, हाकही मारायचे नाहीत. मी वाकून वाकून "ठके, ये गं, ये ना" करायची, तर मला म्हणाले, "तू बघतेस कशाला सारखी? मांजराकडे टक लावून बघायचं नसतं. त्याला वाटतं, आता हा धरणार."

बाराव्या दिवशी ती बाहेर आली. अण्णांकडे नाही गेली. आधी त्यांच्या काठीला गाल घासला. मग दिवाणाच्या पायाला, मग दाराच्या चौकटीला, मग मुलाच्या दप्तराला. मांजराच्या गालाजवळ, कपाळावर, शेपटीच्या मुळाशी वासाच्या ग्रंथी असतात. घासलं की तिथे तिचा वास लागतो, आपल्याला येत नाही एवढंच. पुराने तिचं जग एका दिवसात धुऊन नेलं होतं, ओळखीचा एक वास ठेवला नव्हता. ती ते पुन्हा मांडत होती, एकेक कोपरा करून. सगळ्यात शेवटी अण्णांच्या पोटरीला ढुशी दिली, आणि त्यांच्या पायाशी बसली. पाठ अण्णांकडे, तोंड खोलीकडे.

तेव्हा कुठे मला आईच्या शेजारची ती पाठ कळली. मांजर लहान जनावर आहे हो. शिकार करतं तसं कुणाच्या तरी तावडीतही सापडतं. ज्याचा भरवसा नाही त्याच्याकडे ते पाठ करत नाही. ज्याच्याकडे पाठ करून बसतं, त्याची बाजू राखलेली आहे असं त्याच्या हिशेबी असतं. चौदा वर्षांपूर्वी मी तिला शिष्ट म्हटलं होतं.

माझ्याकडे यायला तिने दोन वर्षं घेतली. त्या दोन वर्षांत मी काय काय केलं ते सांगितलं तर तुम्ही पुन्हा हसाल. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या लोकांनी २०२० मध्ये दाखवलं की माणसाने मांजराकडे बघून डोळे किलकिले करून हळूच मिटले, तर मांजरही तसंच करण्याची शक्यता वाढते. एवढंच नाही, अनोळखी माणसाने असं करून हात पुढे केला तरी मांजरं जास्त वेळा जवळ आली. मग काय, मी रोज सोफ्यावर बसून ठकीकडे बघत डोळे मिटतेय. मुलगा म्हणाला, "आई, तू मांजराला डोळा मारतेस?" :-)

डोळे मिटून दूध पिणारं मांजर म्हणजे आपल्या भाषेत लबाडीची हद्द. खरं तर समोर कुणी असताना मांजराने डोळे मिटणं ही केवढी मोठी गोष्ट आहे! तिसऱ्या आठवड्यात ठकीने पहिल्यांदा माझ्याकडे बघून डोळे मिटले. अगदी सावकाश, उगाच आपलं झोप आल्यासारखं. मी आनंदाने ओरडले तर उठून गेली.

चुकाही पुष्कळ केल्या. ती उताणी पडून पोट दाखवायची, मी प्रेमाने पोटावर हात ठेवला की चारही पायांनी ओरबाडून काढायची. मला केवढा अपमान वाटायचा. पोट दाखवणं म्हणजे "मला भीती नाही" एवढंच, "हात लाव" असं नव्हे, हे कळेपर्यंत माझ्या मनगटाची चाळण झाली. नावाचंही तसंच. जपानमधल्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवलं की मांजर आपलं नाव बाकीच्या शब्दांतून वेगळं ओळखतं, आणि त्याच्याही आधी २०१३ मध्ये हे, की ते मालकाचा आवाज परक्या आवाजांतून ओळखतं. मात्र ओळखलं म्हणून उठून येत नाही. डोकं जरा वळवतं, किंवा नुसता कान. अण्णांनी "ठके" म्हटलं की तिचा उजवा कान मागे फिरतो. बस्स. अण्णांना तेवढं पुरतं.

मोठी मांजरं एकमेकांशी फारसं म्यांव करत नाहीत, हे मला फार आवडलेलं. पिल्लू आईशी करतं, आणि मग पाळलेलं मांजर जन्मभर माणसाशी. ते कणीक तिंबल्यासारखं पंजे चालवणंही पिल्लपणीचं. दूध पिताना आईच्या पोटावर पंजे दाबायचे म्हणजे पान्हा येतो. ठकी ते फक्त एका गोष्टीवर करते. आईच्या गोधडीवर. अण्णा ती गोधडी धुऊ देत नाहीत. मी दोनदा मशीनला लावायला काढली, दोन्ही वेळा ती काही न बोलता परत त्यांच्या पलंगावर गेली होती.

आता आजारपण.

दसऱ्याच्या सुमाराला लक्षात आलं की ती सारखं पाणी पितेय. बादलीतलं, कुंडीखालच्या ताटलीतलं, कुठलंही. पाठीचे मणके हाताला लागायला लागले. डॉक्टरांकडे नेलं. टेबलावर ठेवल्यावर ठकी घुरघुरायला लागली, मी कौतुकाने म्हटलं, "बघा, किती खूश आहे." डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, "मांजरं घाबरली, दुखत असलं तरी घुरघुरतात." मी गप्प. जे एवढं शिकले शिकले म्हणून मिरवत होते, त्यातलं पहिलंच अक्षर चुकीचं. मग याआधी माझ्या मांडीवर घुरघुरायची तेव्हा तरी मला काय कळत होतं?

रक्त तपासलं. किडन्या. म्हाताऱ्या मांजरांना हे पुष्कळदा होतं, बरं होत नाही, सांभाळायचं. औषध, वेगळं खाणं, आणि दिवसाआड शंभर मिली सलाईन कातडीखाली, घरीच. खांद्यांच्या मधलं कातडं चिमटीत उचलायचं, तंबूसारखं, आणि सुई आत. बाटली आधी कोमट पाण्यात ठेवायची म्हणजे गार लागत नाही. डॉक्टरांनी दोनदा माझ्याकडून करून घेतलं. हात थरथरत होता, पण जमलं.

जमेना ते पकडणं. पहिल्या दिवशी तिला कळलंच नाही. दुसऱ्या वेळी बाटली बघून पळाली. तिसऱ्या वेळी मी हुशारी केली. सोफ्यावर बसले, लाडाने हाक मारली, तिच्याकडे बघून हळूच डोळे मिटले. ती थोडा वेळ बघत राहिली, आणि आली. मी धरलं, टोचलं. तिने वळून माझं मनगट दातात घेतलं. दात टेकवले फक्त, रुतवले नाहीत. मला वाटलं, चला, युक्ती सापडली.

अण्णा दारात उभे होते. माझ्या लग्नानंतर ते माझ्यावर ओरडल्याचं मला आठवत नाही. त्या दिवशी ओरडले.

"हाक मारून धरू नकोस तिला. हाकेला आलेल्याला धरायचं नसतं."

मी म्हटलं, अण्णा, तिच्याच भल्यासाठी ना? ते म्हणाले, "भलं तुला माहीत. तिला काय माहीत?"

मी चिडले. रजा मी टाकतेय, सुया मी टोचतेय, आणि वर बोलणी मीच खायची. पण पुढचे चार दिवस ठकी दिवाणाखाली होती, २०२१ सारखी. मी सोफ्यावर बसले की खोलीतून जायची. माझ्याकडे बघायची ते मोठ्ठे डोळे उघडे ठेवून. दोन वर्षं लागली होती तिला माझ्यासमोर डोळे मिटायला. ती दोन वर्षं मी एका सुईला संपवली. रात्री नवऱ्यासमोर मी चक्क रडले. तो बिचारा म्हणाला, औषध तरी पोटात गेलं ना. खरं आहे. तरीही.

मग आम्ही पद्धत बदलली. सलाईनच्या वेळी तिचं नाव घ्यायचंच नाही. हाक नाही, लाड नाही, डोळे मिटणं नाही. सकाळी साडेआठला अण्णा न बोलता जातात, ती असेल तिथून उचलतात, बाल्कनीतल्या स्टुलावर जुन्या टॉवेलवर ठेवतात. टोचायची जागा ती एकच. दिवाण, सोफा, गोधडी इथे कधीही सुई आणायची नाही. मी टोचते, अण्णा धरतात. ब्याऐंशी वर्षांचे हात, पण हलत नाहीत. ती त्यांच्यावर गुरकावते, एकदा तर फिस्स केलं. सात-आठ मिनिटं. सोडलं की जाते. तिला वाईट वाटत असणारच, पण निदान ते कधी आणि कुठे होणार हे तिला आता ठाऊक असतं. बाकीचं घर तिला परत मिळालं. आठवड्याने बाहेर आली. माझ्याकडे बघून अजून डोळे मिटत नाही. मीही मिटत नाही, मला लाज वाटते.

गेल्या आठवड्यात पुन्हा रक्त तपासलं. क्रिएटिनीन वाढलंय. डॉक्टर म्हणाल्या, अजून महिने मिळतील किंवा आठवडे, कधी थांबायचं ते तुम्हीच ठरवा. रिक्षात मी अण्णांना विचारलं, कसं ठरवायचं? ते बराच वेळ बाहेर बघत होते. मग म्हणाले, "हाकेला कान हलवतेय तोवर टोचू. कान हलवायची बंद झाली की पुरे करायचं. मग छळायचं नाही."

तेव्हापासून अण्णांनी तिला हाक मारणंच बंद केलं होतं. माझ्या चटकन लक्षात आलं नाही. तीन दिवसांनी आलं. खायला घालताना नुसती वाटी वाजवायचे. मीही काही बोलले नाही.

आज सकाळी सलाईन झाल्यावर ठकी दिवाणाखाली गेली. अण्णांनी सतरंजी आणली, दिवाणाशी टाकली, आणि काठी धरून हळूहळू खाली बसले. गुडघ्यांमुळे हे त्यांनी कित्येक महिन्यांत केलं नव्हतं. चष्मा लावला, पेपर उघडला. मी स्वयंपाकघरातून बघत होते. अर्ध्या तासाने ती बाहेर आली. थोडी डुगडुगत होती. त्यांच्या शेजारी बसली, पाठ अण्णांकडे, तोंड माझ्याकडे.

अण्णा पेपरातून मान वर न करता म्हणाले, "ठके."

उजवा कान मागे फिरला.

त्यांना दिसला नसणार, ते अजून पेपरातच बघत होते. मी म्हटलं, "अण्णा, हलवला."

"मग?" म्हणाले, आणि पान उलटलं.